शाळेची वाट आणि सरकारी तिजोरी : खान्देशातील विद्यार्थी वाहतुकीचा इतिहास

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शाळकरी मुलांची सर्वांत मोठी ने-आण स्कूलबसने केलेली नाही. ती राज्य परिवहनच्या साध्या प्रवासी गाड्यांनी केली. पिवळ्या रंगाची, खास शाळेसाठी ठेवलेली बस इथे उशिरा आली आणि बहुतांशी शहरांपुरतीच राहिली. खेड्यातला मुलगा आठवीपासून तालुक्याच्या गावी शिकायला गेला तो मुक्कामी एसटीने, खिशात सवलतीचा पास ठेवून. त्यामुळे या भागातील विद्यार्थी वाहतुकीचा सरकारी इतिहास वाहनांपेक्षा सवलतींचा आहे. त्या आसनाचे पैसे कोणी द्यायचे, या एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

१९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या ताब्यात होत्या आणि मोठ्या गावांत त्या होत्याही. पण इंग्रजी शाळा म्हणजे हायस्कूल मात्र मोजक्या पेठांत. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव ही ठिकाणे रेल्वेवर होती. चाळीसगाव–धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला, आणि सुरतेहून तापीच्या काठाने आलेल्या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे जळगावला जोडली गेली. या रुळांलगतच्या गावांतील काही मुले गाडीने शाळेत येत. बाकीच्यांपुढे दोनच मार्ग होते : पायी चालणे, किंवा शाळेच्या गावीच राहणे.

दुसरा मार्ग अधिक रुळला. त्या काळात अंतराचा प्रश्न सोडवला तो वाहनाने नव्हे, वसतिगृहाने. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या छात्रालयाची कीर्ती गुरुजींमुळे झाली खरी, पण त्याची गरज निर्माण केली होती ती अंतराने. जळगावातील लेवा बोर्डिंगसारखी समाजवार बोर्डिंगे त्याच गरजेतून उभी राहिली. सरकारचा वाटा यात फार तर अनुदानापुरता. पैसा दात्यांचा, ज्ञातीचा आणि घरून येणाऱ्या ज्वारीच्या पोत्याचा. मुलींचा या व्यवस्थेत जवळजवळ विचारच नव्हता. मुलाला परगावी बोर्डिंगात ठेवणारे घर मुलीला ठेवत नसे, आणि पुढे सरकारने मुलींसाठी ज्या योजना आणल्या त्यांचे मूळ या भेदात आहे.

१९३० नंतर खासगी ‘सर्व्हिस’ मोटारी वाढल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्यांना परवाने आणि मार्ग ठरवून दिले. पण सर्व्हिसवाला गाडी भरल्याशिवाय हलत नसे, आणि दहा वाजता भरणारी शाळा ही त्याच्या धंद्याची बाब नव्हती. विद्यार्थ्यांसाठी वेळ पाळणारी सार्वजनिक गाडी मिळायला वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण व्हावे लागले.

मुंबई प्रांताच्या सरकारने १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सोडली. १९५० च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे रूप दिले. त्या कायद्यातील एक तरतूद पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली आहे. महामंडळाने सेवा पुरेशी आणि कार्यक्षम द्यावी, पण ती धंद्याच्या तत्त्वावर चालवावी. आणि राज्य सरकार मात्र महामंडळाला निर्देश देऊ शकते. धंदा करायचा आणि हुकूमही पाळायचा, अशी ही दुहेरी नेमणूक होती. विद्यार्थ्यांची सवलत नेमकी या दोन अटींच्या सांध्यावर बसते.

खान्देशात आगारांचे जाळे हळूहळू पसरले. जळगाव विभागात जळगाव, भुसावळ, रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, एरंडोल, पाचोरा, चाळीसगाव, जामनेर आणि मुक्ताईनगर ही आगारे आहेत. धुळे विभाग आजही दोन जिल्हे सांभाळतो : धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा आणि दोंडाईचा यांच्या जोडीला नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. महसूल आणि शिक्षण खात्याची कार्यालये विभागली, एसटीचा विभाग मात्र एकच राहिला. शिक्षण एका हद्दीत आणि वाहतूक दुसऱ्या हद्दीत, ही अडचण त्यातून कायमची झाली.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची बस गावात रात्र काढते. चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. दूध, भाजी, कोर्टकचेरी आणि दवाखान्याची माणसे तीत असतातच, पण पुढची फेरी विद्यार्थ्यांची. मुक्कामी गाडी गावात आली की शिक्षण आठवीच्या पुढे सरकते, हे खेड्यांना आकडेवारीशिवाय कळत होते. म्हणून ‘गाडी मुक्कामी करा’ हा ग्रामसभेचा ठराव, मग आमदाराचे पत्र, मग आगार व्यवस्थापकाकडे खेटे, हा क्रम अनेक गावांनी पाळला. उन्हाळ्यात त्याला आणखी एक पेच पडतो. मार्च संपता संपता खान्देशात ऊन असे तापते की शाळा सकाळची करावी लागते. शाळा एका परिपत्रकाने सातवर येते. बसचे वेळापत्रक मात्र चालकांच्या पाळ्या, गाड्यांची उपलब्धता आणि लग्नसराईच्या जादा फेऱ्या यांत अडकलेले असते. शिक्षणाधिकारी जिल्हा परिषदेत बसतो आणि विभाग नियंत्रक एसटीत. दोघांना जोडणारा कायमचा दुवा कोणत्याही नियमाने घातलेला नव्हता. तो मुख्याध्यापकाच्या अर्जाने जोडला जायचा.

पैशाची बाजू अशी. एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. विद्यार्थ्याच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे १० दिवसांच्या भाड्यात ३० दिवसांचा प्रवास. जाण्यायेण्याचे मिळून रोजचे ६० रुपये होत असतील तर महिन्याच्या १,८०० रुपयांऐवजी ६०० रुपये भरायचे. उरलेले दोन तृतीयांश कोणाचे? कागदावर ते राज्य सरकारचे. महामंडळ सवलतमूल्याचा हिशेब करून सरकारकडे मागणी करते आणि सरकार त्याची प्रतिपूर्ती करते. त्याच वेळी महामंडळ सरकारला देणे लागते : १९५८ च्या प्रवासी कर कायद्यानुसार तिकिटाच्या उत्पन्नावर १७.५ टक्के कर. सरकार एका हाताने सवलतीचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचे. पुष्कळदा दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या केल्या जात. थकबाकी कोणाची कोणाकडे, यावर महामंडळ आणि मंत्रालय यांचे हिशेब वर्षानुवर्षे जुळत नसत.

या वळतीचा परिणाम रस्त्यावर दिसतो. भरलेल्या पण पासवाल्या गाडीतून वाहकाच्या हाती रोख फार थोडी येते. आगाराची कामगिरी मोजली जाते ती प्रति किलोमीटर उत्पन्नावर, आणि प्रतिपूर्तीची रक्कम त्या दिवशीच्या त्या फेरीच्या नावावर जमा होत नाही. मग पन्नास विद्यार्थ्यांची फेरी ‘तोट्याची’ ठरते आणि गाड्या कमी पडल्या की आधी तिच्यावर गदा येते. विद्यार्थी थांब्यावर उभे असताना गाडी पुढे निघून जाणे, ही खान्देशातली जुनी तक्रार चालकाच्या स्वभावावर ढकलली जाते. तिचे अर्धे कारण तरी या हिशेबाच्या पद्धतीत आहे.

फीमाफी आणि प्रवास यांतले अंतरही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी, म्हणजे प्रसिद्ध ‘ईबीसी’ सवलत सुरू झाली. शाळेची फी गेली, पण शाळेपर्यंतचे भाडे राहिले. कापसाच्या पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला ते दर महिन्याला रोख द्यायचे होते, आणि त्याच्याकडे रोख येते ती वेचणीनंतर. जून-जुलैत पास काढण्याची वेळ आणि घरातली सर्वांत तंगीची वेळ एकच. घरात एकाच पासापुरते पैसे असले तर तो मुलाच्या नावाने निघे.

१९९६-९७ मध्ये सुरू झालेल्या अहिल्याबाई होळकर योजनेने हा प्रश्न प्रथमच थेट हाताळला. ग्रामीण भागातील पाचवी ते दहावीच्या मुलींना गाव ते शाळा एसटीचा प्रवास संपूर्ण मोफत झाला. २०१८ मध्ये ही मर्यादा बारावीपर्यंत वाढली. योजनेची रचना साधी आणि म्हणूनच टिकाऊ होती. नवे वाहन नाही, नवे कार्यालय नाही; मुख्याध्यापकाचा दाखला आणि आगाराचा पास. मुलीच्या प्रवासाचा खर्च घराच्या हिशेबातून बाहेर पडला, हा तिचा मोठा गुण. दोष त्याच साधेपणात होता. पास मोफत होता, पण बस असेलच अशी हमी पासावर लिहिलेली नव्हती. जिथे फेरीच नाही त्या गावात मोफत पासाला कागदापलीकडे किंमत नव्हती.

अशी गावे सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वर डोंगरात भरपूर होती. रावेर तालुक्यातील पाल, चोपड्यातील वैजापूर, शिरपुरातील बोराडी यांच्या आसपासचे पाडे, किंवा साक्रीच्या पश्चिमेचा पिंपळनेर परिसर, इथे रस्ता पावसाळ्यात तुटतो आणि पाडे विखुरलेले असतात. ‘रस्ता तिथे एसटी’ या ब्रीदाची दुसरी बाजू अशी की रस्ता नाही तिथे एसटी नाही. इथे सरकारने जुनाच, बोर्डिंगाचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला : आधी अनुदानित आणि १९७० च्या दशकापासून शासकीय आश्रमशाळा. यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये त्या चालवतात. वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर आश्रमशाळा म्हणजे रोजच्या प्रवासाऐवजी वर्षातून दोन-तीन प्रवास. खर्च वाहतुकीच्या शीर्षाखाली न पडता निवास आणि भोजनाच्या शीर्षाखाली पडला, आणि खाते बदलले : परिवहनऐवजी आदिवासी विकास. सहा-सात वर्षांच्या मुलाला घरापासून तोडण्याची किंमत कोणत्याच शीर्षाखाली लिहिली गेली नाही.

२०११ हे या इतिहासातले सर्वांत गजबजलेले वर्ष. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या खात्यांनी शाळेच्या वाटेत हात घातला, तिघांनी तीन वेगळ्या दिशांनी.

पहिला हात नियोजन विभागाचा. मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये राज्यातील १२ मागास जिल्ह्यांत सुरू झाला होता. १९ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने त्याचे एकक जिल्ह्यावरून तालुक्यावर आले आणि स्त्री-साक्षरता व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण पाहून १२५ तालुके निवडले गेले. खान्देशातील अनेक तालुके त्यात आले. प्रत्येक तालुक्याला सुरुवातीला पाच बस मिळाल्या, पुढे ही संख्या सात झाली. निळ्या रंगाच्या या गाड्यांवर ‘मानव विकास’ अशी अक्षरे होती. पैसा नियोजन विभागाचा, देखरेख जिल्हाधिकाऱ्याची, चालक-वाहक आणि आगार एसटीचे. शाळेच्या वेळेत आठवी ते बारावीच्या मुलींची ने-आण करायची आणि मधल्या वेळेत इतर प्रवासी घ्यायचे, अशी योजना होती. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर बसऐवजी सायकलसाठी अनुदान.

अहिल्याबाई योजनेने भाडे दिले होते, मानव विकासने गाडी दिली. फेरीचा खर्च आधीच कोणीतरी उचललेला असल्याने आगाराला ती तोट्याची वाटण्याचे कारण राहिले नाही. खान्देशातील विद्यार्थी वाहतुकीत सरकारने मागणी आणि पुरवठा या दोन्ही टोकांना एकाच वेळी पैसा ओतल्याचे हे एकमेव उदाहरण, आणि अनेक गावांत मुलींनी दहावीनंतर अकरावीत नाव घालण्यामागे या गाडीचा वाटा होता, हे शिक्षक मंडळी सहज मान्य करतात. तरी भांडणे झालीच. आगारात गाडी बंद पडली की निळी बस दुसऱ्या मार्गावर काढली जायची. त्याच गावच्या मुलांना निळ्या गाडीत घ्यायचे की नाही, हा वाद तर रोजचा : गाडी रिकामी धावते आणि मुलगे पाससह थांब्यावर उभे, हे दृश्य नियमाला धरून असले तरी गावाला पटणारे नव्हते.

दुसरा हात शालेय शिक्षण विभागाचा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि महाराष्ट्राचे नियम २०११ मध्ये आले. पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटर अंतरात शाळा, हे सरकारचे कर्तव्य ठरले. ज्या वस्तीला अशी शाळा देता येत नाही तिथल्या मुलांना वाहतुकीची सोय किंवा भत्ता. प्रवासाची मदत प्रथमच सवलत न राहता हक्काचा भाग झाली. रक्कम मात्र बेताचीच राहिली. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत मर्यादा आहे. दहा महिन्यांची शाळा धरली तर महिन्याला ६०० रुपये. एवढ्यात पाड्यावरून जीपवाला एकट्या मुलाला नेत नाही. पाच-दहा मुले जमली तरच हिशेब बसतो, आणि ज्या वस्तीत तेवढी मुले नाहीत तिच्यासाठीच तर हा भत्ता असतो.

तिसरा हात गृह विभागाच्या परिवहन शाखेचा, आणि त्यात पैसा अजिबात नव्हता. २२ मार्च २०११ रोजी महाराष्ट्राचे स्कूलबस नियम निघाले. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील वाहतुकीच्या प्रकरणात शाळेच्या बससंबंधी आदेश दिले होते. दरम्यान जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांच्या वेशीवर इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या होत्या. जागा स्वस्त म्हणून शाळा गावाबाहेर, आणि म्हणून वाहन अटळ. ते वाहन बहुधा रिक्षा किंवा व्हॅन असे आणि चालक ‘रिक्षावाले काका’ असे. नव्या नियमांनी पिवळा रंग, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुलींसाठी महिला मदतनीस आणि १५ वर्षांची वयोमर्यादा घातली. १२ वर्षांखालील मुले आसनक्षमतेच्या दीडपटीपर्यंत बसवण्याची मुभा दिली. जिल्ह्याला पोलीस प्रमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमली. भाडे आणि थांबे या समितीने पाहायचे. एमएच-१८ आणि एमएच-१९ या क्रमांकांच्या गाड्यांची योग्यता तपासणे धुळे आणि जळगावच्या परिवहन कार्यालयांकडे गेले.

पिवळा रंग अमेरिकेतून आला. तिथे १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत तो ठरला. पण त्याच्याही ७० वर्षे आधी, १८६९ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याने मुलांच्या ने-आणीसाठी सार्वजनिक पैसा खर्च करायला कायद्याने परवानगी दिली होती. तिथे आधी पैसा आला, रंग मागाहून. महाराष्ट्राने रंग घेतला आणि खर्च पालकांवर ठेवला. मदतनीस बाईचा पगार, वेगनियंत्रक, विमा, योग्यता प्रमाणपत्र यांचा भार महिन्याच्या भाड्यात मिसळला. परिणामी नियमांत बसणारी बस महाग झाली आणि ती न परवडणारे पालक पुन्हा रिक्षाकडे वळले. अशा रिक्षांवर जूनमध्ये कारवाई होते. दिवाळीपर्यंत ती विसरली जाते.

यानंतरच्या काळात शाळाच दूर जाण्याची टांगती तलवार आली. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचे ठरवले. २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रात शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि जुन्या धुळे जिल्ह्याच्या डोंगरातील, आता नंदुरबारमध्ये असलेले तोरणमाळ यांचे दाखले दिले. अमेरिकेत लहान शाळा मिटवून मोठ्या केल्या तेव्हाच बसची व्यवस्था वाढली होती. इथे बसची हमी देण्याआधी शाळा मिटवण्याची भाषा झाली, म्हणून विरोध झाला. तोरणमाळचा दाखलाही नेमका नव्हता, कारण ती निवासी शाळा आहे.

सगळी भिस्त एकाच महामंडळावर असल्याचा धोका २०२१ मध्ये उघडा पडला. करोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा राज्य सरकारमध्ये विलीनीकरणासाठीचा संप पेटला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. लालपरी बंद, निळी गाडी बंद, मोफत पास निरुपयोगी. बोर्डाच्या परीक्षा त्याच काळात झाल्या. मुले काळीपिवळीत, मोटारसायकलवर तिघे-तिघे, दुधाच्या टेम्पोत बसून केंद्रावर पोहोचली. मानव विकासचा पैसा, अहिल्याबाई योजनेची प्रतिपूर्ती आणि पासाची सवलत हे तीन वेगळे प्रवाह शेवटी एकाच आगारातून वाहत होते, आणि पर्यायी वाहनासाठी कोणत्याही खात्याकडे तरतूद नव्हती.

संपानंतर सवलतींची संख्या वाढली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. गाड्यांतली गर्दी वाढली, गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. सकाळच्या फेरीत दप्तराला जागा मिळणे अवघड झाले. बारावीनंतर मोफत पास संपलेल्या मुलीपुढे निम्मे तिकीट की एक तृतीयांशाचा पास अशी निवड आली, आणि रोज जाणारीला पासच स्वस्त पडतो. जून २०२४ पासून महामंडळाने पास थेट शाळेत नेऊन देण्याची मोहीम काढली, त्यामुळे जूनमध्ये बसस्थानकाच्या खिडकीवर बुडणारे तास वाचले. २५ जानेवारी २०२५ रोजी भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याबरोबर मुलांच्या पासाचा एक तृतीयांश वाढला आणि सरकारने भरायचे दोन तृतीयांशही; मुलींच्या घरी काहीच वाढले नाही, त्यांच्या नावावरचा संपूर्ण फरक महामंडळाच्या मागणीपत्रात गेला.